फावड्याला हळद, दिव्याला हळद

माझ्या लग्नाच्या हळदीला मी नव्हतो. माझ्या जागी पाटावर फावडं बसलं होतं. ही गोष्ट मी भावकीतल्या प्रत्येक लग्नात सांगत आलो आहे, आणि आता मी तोंड उघडलं की पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं उठतात. उठू देत. इथेही मी आधी तीच सांगणार, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तेव्हा आमची मिठागरं होती. आता जिथे विमानं उतरतात त्याच्या अंगाला, उलव्याकडे. खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यात फिरवत उन्हानं आटवायचं आणि पिकलं की लाकडी फावड्यानं ओढून ढीग घालायचे. माझ्या हळदीच्या दिवशी मीठ पिकून तयार होतं आणि सकाळपासून आभाळ काळवंडलेलं. वैशाखातली अवकाळी सर पडली असती तर सगळं मीठ पुन्हा खाडीत. मी बापाला म्हणालो, हळद लावून लगेच येतो. बाप म्हणाला, पिवळ्या पायांनी वाफ्यात उतरायचं नाय. आम्ही अनवाणी उतरायचो. पांढऱ्या मिठाला पिवळी झाक आली की व्यापारी नुसतं बोट दाखवायचा आणि तोंड फिरवायचा. तर मी दिवसभर मीठ ओढलं. घरी आईनं माझं जुनं फावडं धुऊन पाटावर ठेवलं. धवलारीण आली. धवलारीण म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी लावणारी बाई. तिचा शब्द भटजीच्याही आधी. तिनं फावड्याला हळद लावली, गाणी म्हटली, आणि फावड्याची उष्टी हळद नवरीच्या घरी गेली. संध्याकाळी सर आली तेव्हा माझे ढीग गवतानं झाकून झाले होते. दुसऱ्या दिवशी मी मांडवात उभा राहिलो तो हातापायाला मिठाच्या चिरा घेऊन, अंगाला हळदीचा डाग नाही. नवरी म्हणजे आमची म्हातारी. ती अजून म्हणते, माझं लगीन फावड्याशी लागलंय, ह्यो मानूस नंतर आला.

मिठागरं भरावाखाली गेली. आम्ही पनवेलला आलो. मुलानं घर बांधलं, तीन मजली, गच्चीवरून विमानाचं पोट दिसतं. मी शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. ज्याला मीठ पिकवता येतं त्याला उपाशी राहावं लागत नाही. पण माझी नात शिकली. एवढी शिकली की ती काय शिकली हे मला सांगायला तिला दोन-तीन वर्षं लागली.

ती काम करते ती कंपनी कारखान्यांच्या पट्ट्यात आहे, आमच्या घरापासून रिक्षानं जाता येतं. तिथे उपग्रहावर बसवायचे सेन्सर तपासतात. सेन्सर म्हणजे डोळा, असं मी धरून चाललो आहे आणि तिनं ते चालवून घेतलं आहे. ती सांगते, आपल्या डोक्यावरची हवा वर वर विरळ होत जाते, ढगांच्या वर, विमानांच्याही कितीतरी वर, आणि तिथे ती उन्हानं चेतून स्वतःच मंद उजेड देते. तो जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. उपग्रहावरच्या डोळ्यानं वरून तो बघायचा. ती हवा खवळली की मोबाईल रस्ता चुकीचा दाखवतो, विमानांचे सिग्नल अडखळतात. म्हणजे आमच्या मिठागरावर जे विमान उतरतं, त्याचं भलंबुरं ह्या पोरीच्या डोळ्यात आहे. हे कळल्यापासून मी तिच्या कामाला नाव ठेवत नाही.

मी विचारलं होतं, मग तू नेमकं करतेस काय. ती म्हणाली, "आजा, बाजारात म्हावरं घेताना कोळीण मावशी आधी रिकामा काटा दाखवते. मग वजन टाकते. मग म्हावरं. आम्ही पण तेच करतो. आधी गच्च अंधारात बघायचं, डोळा काय सांगतो. मग ओळखीचा दिवा लावायचा, ज्याचा उजेड किती ते आधीच ठाऊक आहे, आणि बघायचं की डोळा तेवढंच सांगतो का."

"आनि वर गेल्यावर काटा बिघडला तर?"

"वर जाऊन कोण हात लावणार? खाली आम्ही जे मोजलं त्याच्याच भरवशावर तो वर राहतो."

हे मला पटलं. तो उजेड असा नाजूक की साधी हवासुद्धा त्याला पिऊन टाकते, म्हणून एका मोठ्या टाकीतली हवा पंपानं काढून आत हे मोजमाप चालतं. तो ओळखीचा दिवासुद्धा कायमचा नसतो. जळून जळून त्याचा उजेड उतरतो. मग तो पेटत असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, काढून ठेवतात. हे ऐकून म्हातारी माझ्याकडे बघून हसली होती. मी दुर्लक्ष केलं.

ह्या कामापायी पोरीनं काय काय सोडलं ते घरातल्या बायकांना विचारा. पावडर नाही, काजळ नाही, अत्तर नाही, केसाला तेल नाही. अंगावरचं काहीही, तेलाचा वास म्हणावा एवढंसं, आतल्या आरशावर जाऊन बसलं की तो उजेड गिळतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, हातमोजे, तोंडाला पट्टी, तरीही हा नियम. म्हातारीनं बरेच दिवस रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन तिचा दारापर्यंत पाठलाग केला, मग दमली.

आणि हळद. हळद सगळ्यात वाईट.

त्याचं असं झालं. तिच्या चुलत भावाच्या हळदीत ती लांब खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या आत्यानं मागून येऊन दोन्ही गालांना आणि हातांना चोपडली. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. कोणी कोरडं राहिलं तर आमच्या बायकांना झोप येत नाही. पोरीनं लिंबू लावलं, बेसन लावलं, दगडानं घासलं. सोमवारी कामावर गेली तर आत शिरायच्या दारात एक जांभळा दिवा असतो, त्याच्याखाली धूळ, तंतू सगळं चमकतं. तिनं हात धरला तर नखांच्या कडा हिरव्या-पिवळ्या पेटल्यासारख्या दिसल्या. धुतलेली हळद डोळ्याला दिसत नव्हती, पण त्या उजेडात दिसत होती. हळद निघेपर्यंत तिला आतल्या खोलीच्या काचेबाहेर बसवलं. तिचं मोजमाप दुसऱ्यानं केलं. ती घरी येऊन हसत हसत सांगत होती, आणि जेवली नाही.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा मोरा गावच्या बाजूचा, आमच्यातलाच, बंदरात कामाला. कमी बोलतो आणि बोलतो ते खरं बोलतो. मुहूर्त निघाला, कोन गावच्या रस्त्याला हॉल ठरला. तिच्या हिशेबानं लग्नाच्या खूप आधी तो डोळा तपासून, पेटीत बंद होऊन गाडीवर चढायचा होता. पण टाकीची हवा काढणारा पंप बिघडला. सगळं पुढे ढकललं गेलं, आणि शेवटचं मोजमाप येऊन पडलं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. जसं पहिल्या दिवशी मोजलं तसंच शेवटी पुन्हा मोजायचं, दोन्ही जुळली तरच पेटी बंद. पहिलं मोजमाप तिच्या हातचं होतं. शेवटचंही तिलाच करायचं होतं. दोन वर्षं त्या एका डोळ्यापाशी काढली होती तिनं.

एक दिवस जेवताना तिनं सरळ सांगितलं की मी हळद लावून घेणार नाही.

मुलगा आणि सून माझ्याकडे बघायला लागले. मी घास खाली ठेवला. मी तिला विचारलं की बाकीचं सगळं करशील का. ती म्हणाली, बाकी सगळं. मी म्हणालो, बाकी सगळं भटजीचं आहे, हळद आपली आहे. घरातला थोरला म्हणून पहिलं बोट माझं लागतं. माझ्या मुलीला मी लावलं, पुतण्यांना लावलं, हिला लावायचं म्हणून मी जगून राहिलोय असं समज. ती म्हणाली की आजा, मला पण हवंय, पण मला आत जायचंय.

तेव्हा मी म्हणालो ते असं: "हलद नाय तर मी मांडवात उभा राहनार नाय. तुमी लावा लगीन."

मी एकदा बोललो की बोललो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी समजूत घालायला आलं नाही. नात रोज कामावर जात होती, संध्याकाळी येऊन मला चहा देत होती, माझ्या गोळ्या काढून ठेवत होती, आणि हळदीचा विषय काढत नव्हती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग मी ठरवलं की हा गुंता आपणच सोडवायचा. एका सकाळी, कोणाला न सांगता, रिक्षा करून तिच्या कंपनीत गेलो. फाटकावरच्या माणसानं अडवलं. मी सांगितलं की मी तिचा आजा आहे आणि मोठ्या साहेबाला भेटल्याशिवाय हलणार नाही, आणि त्याच्याच खुर्चीवर बसलो. त्यानं फोन केला.

साहेब तरुण निघाला. मद्रासकडचा, पण मराठी बोलायचा, आजोबा म्हणायचा. त्यानं मला आत नेलं, जिथपर्यंत नेता येतं तिथपर्यंत. मोठी काच होती. काचेपलीकडे पांढऱ्या अंगरख्यातली चार माणसं, सगळी सारखी, तोंडं झाकलेली. माझी नात कोणती ते मला लगेच कळलं. लहानपणी ती बांधावरून चालायची तशी चालत होती, पाऊल टाकायच्या आधी जागा बघून. एका पेटीपाशी वाकली, काहीतरी इतक्या सावकाश फिरवलं की मला वाटलं तिचा हात थांबलाच आहे. ज्या पोरीला घरात कप धड धरता येत नाही, दर महिन्याला एक फुटतो, ती हीच का, असा मला प्रश्न पडला.

दारातला जांभळा दिवा साहेबानं हौसेनं दाखवला. म्हणाला, आजोबा, हात धरा. त्या सकाळी म्हातारीच्या बरोबर मी बोंबलांना मीठ-हळद चोळली होती. साबणानं दोनदा हात धुतले होते. दिव्याखाली धरले तर माझी नखं, बोटांच्या चिरा, तळव्यावरच्या सगळ्या रेषा हिरव्या-पिवळ्या उजळल्या. मिठागरातल्या त्या जुन्या चिरासुद्धा. मी म्हणालो, हा आमचा रंग आहे. साहेब हसला. मी हात खिशात घातले.

मग मी कामाचं बोललो. लग्न आहे, हळद आहे, पोरीला सुट्टी द्या. साहेबानं विचार केला आणि म्हणाला की ठीक आहे, शेवटचं मोजमाप मी स्वतः करतो, अडणार नाही. एवढं सोपं. मी त्याला लग्नाला यायचं आमंत्रण दिलं आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

संध्याकाळी नात आली. तिला साहेबानं सांगितलं होतंच. मला वाटलं ती चिडेल, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, बरं केलंत आजा. मग आत गेली आणि सुनेच्या हातातून घेऊन सगळी भांडी घासायला लागली. ही मुलगी कधी भांडी घासत नाही. नळ चालू होता, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की भांड्यांचा आवाज येत नाही, नुसतं पाणी वाहतंय.

म्हातारी माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होती. इतके दिवस ती एका शब्दानं बोलली नव्हती. आता मान वर न करता म्हणाली, "तुमच्या हलदीला पाटावर कोन बसलं व्हतं?"

"फावडं. आख्ख्या गावाला ठावं हाय."

"मंग कुनाला पाप लागलं?"

"ते मीठ व्हतं. पोटाचं काम."

"आनि पोरीचं काय खेल हाय?"

ती पुढे म्हणाली, "फावड्याची हलद अंगाला लावून मी आले तुमच्या घरी. माज्या आईनं तोंड वाकडं केलं, माज्या मावश्या हसल्या. मी म्हनले, ज्याला काम सोडवत नाय तो मला पन सोडनार नाय. पोरगी तुमच्यावर गेली तर तुमाला राग येतो."

लसणाची सालं फुंकून ती उठून गेली.

ती गोष्ट मीच प्रत्येक मांडवात छाती काढून सांगितलेली. पोरीनं ती माझ्या मांडीवर बसून ऐकली होती, पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती. लहान होती तेव्हा विचारायची, फावड्याला गुदगुल्या झाल्या का. मला ती गोष्ट माझ्या कौतुकाची वाटायची. तिच्या अंगात ती दुसरीच होऊन उतरली होती, आणि मी तिच्याशीच भांडत बसलो होतो.

मी काही माफीबिफी मागितली नाही. तसा रिवाज माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिक्षा केली. फाटकावरचा माणूस ह्या वेळी स्वतःच खुर्चीवरून उठला. साहेबाला म्हणालो, काल जी सुट्टी मी घेतली ती परत करायला आलोय. त्याला आधी कळलं नाही. मग कळल्यावर त्यानं मला चहा पाजला, आणि खरं सांगायचं तर त्याचंही मन हलकं झालं. म्हणाला, आजोबा, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, पण लग्नाच्या आड मी कसा येणार.

घरी आल्यावर नातीला एवढंच म्हणालो की तुझ्या जागी पाटावर काय बसवायचं ते तू ठरव. अवजार पाहिजे, कामाचं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेल नसलेले केस, कोरडे, खरखरीत. मी म्हणालो, उठ, चहा कर.

अडचण अशी की तिच्या कामाचं अवजार घरी आणता येत नाही, आणि हळद लागलेलं परत नेता येत नाही. दोन दिवसांनी ती कापसात गुंडाळलेला एक दिवा घेऊन आली. मुठीएवढा, काचेचा, खाली तारा. तोच, ओळखीचा दिवा, ज्यानं सगळ्या डोळ्यांना उजेड दाखवला आणि स्वतः उतरला. कपाटात पडून होता. साहेबानं दिला. म्हणाला, ह्याच्याइतकी नोकरी इथं कोणी केली नाही.

धवलारणीला विचारणं भाग होतं. तिच्या आईनं माझ्या फावड्याला हळद लावली होती. मी दिवा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं दिवा हातात घेऊन उजेडात फिरवला. म्हणाली, फावड्याचं गानं मला येतं, दिव्याचं कराया लागंल. मग विचारलं, आनि नवरदेव? त्याची उष्टी हलद यायला पायजे, आनि मांडवात तो हिचा हात धरनार. तो पिवला असंल तर?

हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नातीनं त्याला फोन केला. त्यानं सांगितलं की मी फक्त पायाच्या अंगठ्याला लावून घेतो, वर मोजे घालतो. त्याची आई फोनवर मागून बोलताना ऐकू येत होती, एका मशिनीपायी दोन मानसं कोरडी. तो म्हणाला, आई, माझीच बायको आहे ना. मला तो मुलगा त्या दिवशी आवडला.

हळदीची संध्याकाळ झाली. घराच्या पुढे मांडव, आमच्या बायका सगळ्या पिवळ्या साड्यांत, ढोल. पाटावर दिवा, हिरव्या कापडाच्या चुंबळीवर उभा केलेला. मोऱ्याहून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायकांपैकी एक जण म्हणाली, "नवरी कुठं हाय? आमाला बलब दाखवताय." दुसरी म्हणाली, "बरं हाय, लाइटबिल तरी तिकडं येनार नाय." सगळा मांडव हसला. मी उठलो आणि माझी फावड्याची गोष्ट सुरू केली. पोरं पाणी प्यायला उठली. पण मोऱ्याच्या बायका बसून राहिल्या, त्यांनी ती ऐकली नव्हती. पूर्ण ऐकली. मग ज्या बाईनं बलब म्हटलं होतं तीच पुढे झाली आणि दिव्याच्या काचेला हळूच बोट लावलं, तान्ह्या मुलाच्या गालाला लावतात तसं.

पहिलं बोट मात्र माझंच लागलं होतं. ते मी कोणाला सोडलं नाही.

नात लांब खुर्चीवर बसली होती, नव्या साडीत, स्वच्छ. मी तिच्या शेजारी काठी घेऊन बसलो. तिची ती आत्या, तीच, दोन्ही हात पाठीमागे धरून मांडवाच्या कडेकडेनं आली. म्हणाली, नुसती बघाया आलेय. मी म्हणालो, हात पुढं करून बघ. तिनं हात पुढे केले नाहीत. मी काठी आडवी धरली. आत्या तिथेच उभी राहून म्हणाली, बाबा, सगल्या जन्मात तुमी कुनाला कोरडं ठेवलं नाय, आनि आता पोलीस झालाय. मी म्हणालो, झालोय. जाताना आपले हात माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसून गेली. नात हसून हसून वाकली. तिकडे धवलारीण गात होती, दिव्याचं गाणं तिनं खरंच केलं होतं. वरच्या हवेत जाणाऱ्या डोळ्याला वाट दाखवणारा दिवा, असं काहीतरी. अर्ध्या बायकांना अर्थ लागला नाही, पण मागे सगळ्यांनी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मी मांडवात सगळ्यात पुढे उभा होतो.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नवी नवरी सासरहून कामाला गेली. नवरदेवानं मोटारसायकलवरून आणून फाटकावर सोडली आणि तो परत गेला. मी आधीच तिथे होतो. येताना स्टीलच्या डब्यात मोऱ्याहून आलेली उष्टी हळद घेऊन आलो होतो. म्हातारीनं ती झाकून ठेवली होती, वाळू नये म्हणून वर ओलं फडकं. नातीनं डबा पाहिला, पण त्याच्या जवळ आली नाही. लांबूनच हात हलवला आणि आत गेली.

फाटकासमोर चहाची टपरी आहे. मी तिथे बसलो. टपरीवाल्यानं दोन-तीनदा विचारलं की काका, कोणाची वाट बघताय. मी सांगितलं, काट्याची. त्यानं मग विचारणं सोडलं. ऊन चढलं, उतरायला लागलं. मीठ पिकलं की नाही ते बघायला बांधावर बसायचो तशी माझी बैठक होती. फरक एवढाच की तिथे मला समोर दिसत होतं, आणि इथे फाटक, भिंत आणि आत माझी पोर. जुळलं नसतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तिचा हात चुकला असं लोक म्हणाले असते. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि आतलं फडकं वाळलं की टपरीवरच्या पाण्यानं ओलं करत होतो.

ती बाहेर आली तेव्हा अंगरखा नव्हता, साडीही नव्हती, साधा ड्रेस होता. तोंडावर पट्टीचा वळ उमटलेला. तिच्या मागे साहेब आला होता, फाटकापर्यंत. मी उठून उभा राहिलो. तिनं रस्ता ओलांडला.

"काटा सरळ आहे, आजा," ती म्हणाली. "पहिलं आणि शेवटचं, दोन्ही जुळली. पेटी माझ्यासमोर बंद झाली."

"आता आत जायाचं नाय?"

"बरेच दिवस नाही."

तिनं दोन्ही हात पुढे केले. मी डबा उघडला, फडकं बाजूला केलं. टपरीवाला, फाटकावरचा माणूस, साहेब, सगळे बघत होते. लग्न लागून गेलेल्या पोरीला भर रस्त्यात हळद लावणारा म्हातारा त्यांनी कधी पाहिला नसेल. बघू देत. मी आधी कपाळाला लावली, मग गालांना, मग हातांना. तिनं डोळे मिटले होते. हात पालथे करून धरत ती म्हणाली, "आजा, नखांच्या कडेला नीट लाव. तिथंच जास्त दिवस टिकते."